ओळख आणि वेदना : आद्य शुभवर्तमानांतील दिव्यत्वाचे निवेदन

१

इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने येशू ख्रिस्ताचे पित्याशी असलेले एकतत्त्वत्व सूत्ररूपाने निश्चित केले. पुढे ४५१ मध्ये काल्सेदोन येथील परिषदेने एकाच व्यक्तीच्या ठायी पूर्ण देवत्व आणि पूर्ण मनुष्यत्व नांदते, त्यांचा संकर होत नाही आणि विभागणीही होत नाही, असा निर्णय दिला. ही सूत्रे तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत घडलेली आहेत. ज्या संहितांच्या आधाराने ती घडविली गेली त्या संहिता मात्र प्रामुख्याने कथनात्मक आहेत. सूत्राला दोन विधाने शेजारी-शेजारी ठेवून थांबता येते. कथनाला ती सोय नसते. तेथे माणसे चालतात, जेवतात, घाबरतात आणि मरतात. आणि जे काही सांगावयाचे ते एका देहाच्या, एका प्रसंगाच्या आणि एका क्षणाच्या मर्यादेत घडवून दाखवावे लागते. गेथशेमाने बागेत रात्री भयाने व्याकुळ झालेला माणूस हा देवाचा पुत्र आहे, हे निवेदकाने कसे सांगावे? कोणाच्या तोंडून सांगावे? आणि ते कळल्यानंतर वाचकाने त्या भयाचे काय करावे? शुभवर्तमानांच्या रूपबंधाचा विचार या प्रश्नांपाशी सुरू होतो.

या प्रश्नांना आधुनिक संशोधनात बहुधा कालक्रमाच्या आधारे उत्तर दिले गेले आहे. मार्ककृत शुभवर्तमान इ. स. ७० च्या आसपासचे. मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमाने त्यानंतरच्या एक-दोन दशकांतील. योहानाचे शुभवर्तमान पहिल्या शतकाच्या अखेरचे, हा क्रम सर्वसाधारणपणे मान्य आहे. मार्कच्या कथेत देवाची वाणी बाप्तिस्म्याच्या वेळी ऐकू येते. मत्तय आणि लूक यांच्या कथेत देवपुत्रत्वाचा आरंभ गर्भधारणेपर्यंत मागे जातो. योहानाच्या कथेत तो सृष्टीच्याही पूर्वी असलेल्या ‘शब्दा’पर्यंत पोहोचतो. यावरून एका शिक्षकाचे क्रमाक्रमाने दैवतीकरण झाले, असा निष्कर्ष काढला जातो.

या मांडणीत तथ्य असले तरी ती एका जागी अडखळते. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्र मार्कच्या शुभवर्तमानाहून जुने आहे. त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील स्तोत्रसदृश भाग तर पौलाच्याही आधीचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या भागात देवाच्या रूपात असलेल्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरील मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला, असा आशय आहे. लॅरी हर्टाडो यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात येशूविषयीची उपासना ख्रिस्ती समूहांच्या अगदी प्रारंभकाळापासून आढळते, हे सविस्तर दाखविले आहे. म्हणजे दिव्यत्वाची उच्च कल्पना उपलब्ध असतानाच मार्कने आपली काळवंडलेली, तुटक आणि भयग्रस्त कथा लिहिली. तेव्हा या कथेचे वेगळेपण केवळ तिच्या प्राचीनतेने उलगडत नाही. दिव्यत्व ही येथे वर्णन करण्याची वस्तू नसून ओळखीची समस्या आहे, आणि ओळख पटणे वा न पटणे ही बाब माहितीच्या कक्षेतून नीतीच्या कक्षेत गेलेली आहे, असे मानल्यास या संहितांचा अधिक संगतवार अर्थ लागतो.

२

मार्कच्या शुभवर्तमानात येशू कोण आहे याविषयीचे अचूक उद्गार सर्वप्रथम अशुद्ध आत्मे काढतात. कफर्णहूमच्या सभास्थानात ते त्याला ओळखतात, पुढेही ओळखतात, आणि बहुतेक वेळा तो त्यांना गप्प करतो. बरे झालेल्या रोग्यांना, शिष्यांना तो वारंवार मौनाची ताकीद देतो. विल्यम व्रेडे यांनी १९०१ मध्ये ‘मशीहाचे गुपित’ या नावाने या रचनाविशेषाकडे लक्ष वेधले. येशूच्या हयातीत त्याच्या मशीहापणाचा उघड दावा झालेला नव्हता ही आठवण आणि नंतरच्या समूहाची श्रद्धा यांतील अंतर सांधण्यासाठी ही युक्ती योजली गेली, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे स्पष्टीकरण इतिहासकाराच्या प्रश्नाला उत्तर देते. ‘योग्य वाक्य उच्चारणाऱ्याला गप्प का करावे?’ या कथेतील प्रश्नाला मात्र ते भिडत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर पेत्राच्या प्रसंगात सापडते. कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर येशू शिष्यांना विचारतो की लोक आपल्याला कोण म्हणतात. पेत्र त्याला ख्रिस्त म्हणतो. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु येशू लगेचच आपल्याला सोसावे लागेल, ठार व्हावे लागेल असे सांगू लागतो तेव्हा पेत्र त्याला बाजूला घेऊन त्याचा निषेध करतो. त्यावर त्याला सैतान या संबोधनाने फटकारले जाते. अशुद्ध आत्मे आणि पेत्र यांच्या ज्ञानात एक साम्य आहे. दोघांनाही पदवी माहीत आहे आणि दोघांनाही तिची किंमत मान्य नाही. वेदनेवाचून मिळणारे दिव्यत्व त्यांना हवे आहे. विधान खरे असूनही ते उच्चारणारा ज्या भूमिकेवरून बोलतो ती भूमिका असत्य असू शकते, हा या कथेचा ज्ञानविषयक गाभा आहे.

याच प्रसंगाच्या नेमका आधी मार्कने बेथसैदा येथील आंधळ्याची कथा ठेवली आहे. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. दुसऱ्या स्पर्शानंतर दृष्टी स्वच्छ होते. मत्तय आणि लूक या दोघांनीही ही कथा गाळली आहे. एका स्पर्शाने काम भागले नाही, ही गोष्ट त्यांना अडचणीची वाटली असावी. मार्कच्या रचनेत मात्र ती अर्थवाही ठरते. पेत्राला दिसते आहे, पण माणसे अजून झाडांसारखी दिसत आहेत.

या कथेचा आरंभ आणि शेवट एका क्रियापदाने बांधलेला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटते, आणि येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातील पडदा फाटतो. मूळ ग्रीक संहितेत दोन्ही ठिकाणी एकच धातू आहे. मत्तय आणि लूक बाप्तिस्म्याच्या प्रसंगी त्याऐवजी ‘उघडणे’ हा सौम्य धातू वापरतात. जे उघडते ते पुन्हा मिटू शकते. जे फाटते ते पूर्ववत होत नाही. पहिल्या फाटण्यानंतर स्वर्गातील वाणी येशूला पुत्र म्हणते. दुसऱ्या फाटण्यानंतर ते नाव एक माणूस उच्चारतो, आणि तो माणूस वधाच्या कामावर नेमलेला रोमन शताधिपती असतो. मार्कच्या कथेत कोणाही मनुष्याने हे नाव घेतल्याचा हा एकमेव प्रसंग आहे. या वेळी कोणताही चमत्कार त्याच्यासमोर नाही. देवाने आपल्याला का टाकले असा टाहो फोडून मेलेला माणूस त्याने पाहिला आहे, इतकेच निवेदक सांगतो. शताधिपतीच्या शब्दांना ग्रीकमध्ये निश्चिततादर्शक उपपद नाही. त्यामुळे त्यांचा अर्थ ‘एखाद्या देवाचा पुत्र’ असाही लावता येतो. काही वाचकांना त्यात शिपायाचा उपरोधही ऐकू आला आहे. ही संदिग्धता काढून टाकण्याचे काहीच कारण नाही. अशुद्ध आत्म्यांच्या निःसंदिग्ध ज्ञानापेक्षा मारेकऱ्याचा संदिग्ध उद्गार कथेने शेवटी ठेवला आहे.

शेवटही तसाच आहे. सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपाशी संपते. रिकामी कबर पाहून स्त्रिया पळून जातात आणि भयामुळे कोणाला काही सांगत नाहीत. पुनरुत्थित येशू कथेत दिसतच नाही. पुढच्या १२ ओव्या नंतर जोडल्या गेल्या, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. फ्रँक करमोड यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात या कथेच्या गूढतेचे विवेचन करताना आतले आणि बाहेरचे यांतील भेद कसा अस्थिर होत जातो, याकडे लक्ष वेधले होते. आतले म्हणून निवडलेले शिष्य झोपतात, पळतात, नाकारतात. बाहेरचे अधूनमधून पाहू शकतात. ओळख न पटण्याचा दोष मार्कची कथा सर्वात अधिक जवळच्या माणसांवर ठेवते. पुढील विवेचनात या गोष्टीला महत्त्व आहे.

३

मत्तय आणि लूक यांच्यापुढे मार्कची संहिता होती, हे गृहीत धरल्यास त्यांनी केलेले फेरफार ही टीकेची आद्य उदाहरणे ठरतात. मार्क सांगतो की आपल्या गावी येशूला मोठी कृत्ये करता आली नाहीत. मत्तय सांगतो की त्याने तेथे फारशी कृत्ये केली नाहीत. असमर्थतेच्या जागी निवड आली. येशूला वेड लागले आहे असे समजून त्याच्या घरच्यांनी त्याला आवरावयास निघावे, हा मार्कमधील उल्लेख दोघांनीही वगळला. पापक्षमेसाठी असलेला बाप्तिस्मा येशूने का घ्यावा, हा प्रश्नही त्यांना छळत असावा. मत्तय तेथे योहान बाप्तिस्मा करणाऱ्याची हरकत आणि तिचे निरसन घालतो. लूक योहानाच्या तुरुंगवासाची हकिगत आधी सांगून टाकतो आणि बाप्तिस्मा कोणी दिला हे बोलत नाही. चौथे शुभवर्तमान तर बाप्तिस्म्याचे दृश्यच देत नाही.

हे फेरफार केवळ श्रद्धेपोटी झालेली सारवासारव आहेत असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. प्रत्येक संहिता काही गमावते आणि त्याच्या मोबदल्यात काही मिळवते. शताधिपतीच्या प्रसंगाचीच तीन रूपे पाहावीत. मत्तयाच्या कथेत भूकंप होतो, खडक फुटतात, कबरी उघडतात आणि ते पाहून घाबरलेले शिपाई देवपुत्राचे नाव घेतात. येथे ओळखीला चमत्काराचा आधार मिळतो, आणि तितक्या प्रमाणात ती स्वस्त होते. लूकच्या कथेत येशू परित्यक्ततेचा टाहो फोडत नाही. तो विश्वासाने आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवितो. तेथील शताधिपती त्याला देवपुत्र म्हणत नाही. हा माणूस नीतिमान होता, एवढेच तो म्हणतो. दिव्यत्वाच्या दृष्टीने ही घट भासेल. परंतु लूकच्या आशयसूत्रात तिचे प्रयोजन आहे. पिलाताने तीनदा निर्दोष ठरविलेल्या माणसाला मरण आले, आणि हा अन्याय होता हे शिक्षा अमलात आणणाऱ्यानेच कबूल केले. येथे ओळख म्हणजे न्यायाची कबुली आहे.

योहानाच्या कथेत शताधिपती नाहीच, कारण त्याची गरज उरलेली नाही. अटक करावयास आलेली तुकडी येशूच्या एका उत्तरानेच मागे सरून जमिनीवर कोसळते. गेथशेमानेतील याचना येथे नाही; उलट या घटकेपासून सुटका मागावी का, असा प्रश्न करून येशू स्वतःच तो पर्याय बाजूला सारतो. वधस्तंभावरील अखेरचा शब्द कार्यपूर्तीचा आहे. ‘उंच करणे’ या एका क्रियापदात योहान वधस्तंभावर चढविणे आणि गौरवाला पोहोचविणे हे दोन्ही अर्थ एकदम सामावून घेतो. मार्कमध्ये गौरव आणि वेदना यांच्यात काळाचे अंतर आहे. योहानात ते श्लेषात विरून जाते. तथापि हाच निवेदक येशूला विहिरीपाशी थकून बसवितो, मित्राच्या मरणाने रडवितो, त्याला तहान लागल्याचे सांगतो आणि कुशीतून निघालेल्या रक्तपाण्याची साक्ष आग्रहाने नोंदवितो. ज्या संहितेने दिव्यत्व सर्वात उंच नेले तिलाच देहाची साक्ष सर्वात निकराने द्यावी लागली. उंचीमुळे देह हातचा जाण्याचा धोका तिने ओळखला होता, असा याचा अर्थ होतो.

हस्तलिखितांच्या इतिहासातही हाच ताण दिसतो. लूकमधील रक्तासारख्या घामाचा उल्लेख काही महत्त्वाच्या प्राचीन हस्तलिखितांत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूने सर्वांसाठी देवाच्या कृपेने मरण चाखले, असा पाठ सर्वत्र प्रचलित आहे. काही हस्तलिखितांत मात्र त्याने ते देवावेगळे चाखले, असा पाठ आढळतो आणि ओरिजेनला तो ठाऊक होता. ग्रीकमध्ये हा दोन शब्दांतील थोड्याशा अक्षरांचा फरक आहे. बार्ट एर्मन यांनी १९९३ मध्ये अशा पाठभेदांमागे दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील सिद्धांतविषयक वाद कसे उभे आहेत, याची सविस्तर चर्चा केली. नकलकारांच्या लेखणीला देवाची वेदना कधी अपुरी तर कधी अति वाटत राहिली.

४

वेदना दूर केली तर काय उरते, याचे प्रयोग अधिकृत संग्रहाबाहेर राहिलेल्या संहितांनी करून पाहिले आहेत. ‘थोमाचे बाल्यवर्तमान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संहितेत लहानगा येशू शब्बाथाच्या दिवशी मातीच्या चिमण्या करून त्यांना उडवितो. हे दृश्य लोभस आहे. त्याच संहितेत धावताना खांद्याला धडकलेला एक मुलगा त्याच्या शापाने मरून पडतो. येथे दिव्यत्व म्हणजे निव्वळ सामर्थ्य. त्याला शिकावे लागते ते लोकांत वागणे. सामर्थ्य नीतीपूर्वीचे असते आणि त्याची कथा सांगणाऱ्याला भय व कौतुक यांपलीकडे जाता येत नाही, हे या संहितेने नकळत सिद्ध केले आहे.

‘पेत्राच्या शुभवर्तमाना’चा एक तुकडा १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमधील अखमीम येथे सापडला. त्यात वधस्तंभावरील प्रभू जणू वेदना नसल्यासारखा मौन राहतो. त्याच्या अखेरच्या हाकेत ‘देव’ या शब्दाच्या जागी ‘सामर्थ्य’ हा शब्द येतो. पुनरुत्थान तर सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते : आकाशाला डोके भिडलेल्या आकृती कबरीतून बाहेर येतात, वधस्तंभ त्यांच्यामागून चालत येतो आणि बोलतोही. मार्कमध्ये जे कोणीच पाहिले नाही ते येथे पहारेकऱ्यांनाही दिसते. ओळखीची समस्या संपते. तिच्याबरोबर ओळखण्याचे स्वातंत्र्यही संपते.

१९४५ मध्ये नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक ग्रंथांपैकी पेत्राच्या नावावरील प्रकटीकरण याहून पुढे जाते. तेथे खिळे ठोकले जातात ते केवळ देहरूपाला. खरा तारणारा वधस्तंभाच्या वर आनंदाने हसत असतो. इरेनेयसने बासिलिदेसच्या मताची जी हकिगत दिली आहे तिच्यात कुरेनेचा शिमोन येशूच्या रूपात वधस्तंभावर जातो आणि येशू शिमोनाचे रूप घेऊन हसत उभा राहतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यहूदाच्या शुभवर्तमाना’तही येशूचे हसणे वारंवार ऐकू येते. या हास्याची कुचेष्टा करणे सोपे आहे. ते करणाऱ्यांची तात्त्विक निकड मात्र समजून घ्यावयास हवी. जे नित्य आणि शुद्ध आहे त्याला खिळ्याने इजा होऊ नये, ही अपेक्षा प्राचीन ग्रीक विचारात रुजलेली होती. केल्ससनेही आपल्या ख्रिस्तीविरोधी ग्रंथात येशूच्या व्याकुळतेवर हल्ला चढविला होता. देव असेल तर कण्हतो कशाला, हा त्याचा आक्षेप होता. हसणारा तारणारा हे त्या आक्षेपाला दिलेले एक उत्तर आहे.

या उत्तराला सर्वात मर्मभेदी हरकत घेतली ती इग्नातियसने. अंत्युखियाचा हा धर्माध्यक्ष दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षेसाठी रोमला नेला जात असताना त्याने वाटेवरून पत्रे लिहिली. त्यांत त्याचा युक्तिवाद असा आहे की, येशूने केवळ सोसल्यासारखे दाखविले असेल तर आपण या साखळदंडांत का आहोत, आणि श्वापदांपुढे जावयास का निघालो आहोत? हा युक्तिवाद तर्काच्या कसोटीवर पुरा उतरत नाही. एखाद्याच्या साखळदंडांवरून दुसऱ्याच्या वेदनेची सत्यता सिद्ध होत नाही. परंतु त्याचे बळ नैतिक आहे. जो देव मरणाचा अभिनय करतो तो मरणाऱ्या माणसाची फसवणूक करतो. ज्यांना दुसरे रूप घेण्याची सोय नाही त्यांच्या वेदनेला तो देखावा बनवितो. शिमोनाच्या जागी शिमोनच मरतो, आणि हसणाऱ्याला त्याचे काहीच देणे लागत नाही. दिव्यत्वाची प्रतिष्ठा राखण्यासाठी एका निरपराध माणसाचा बळी देणारी ही कथा आहे, हे तिच्या कर्त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

५

चार भिन्न कथा एकत्र ठेवण्याचा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. दुसऱ्या शतकात इतर मार्ग उपलब्ध होते आणि ते चोखाळलेही गेले. मार्किओनने एकच शुभवर्तमान स्वीकारले. ते लूकच्या शुभवर्तमानाचे जन्मकथेविना असलेले आखूड रूप होते. तातियानाने इ. स. १७० च्या सुमारास चारही कथा एका सलग निवेदनात विणल्या. ‘दियातेस्सरोन’ या नावाची ही रचना सिरियातील ख्रिस्ती समूहांत कित्येक पिढ्या वाचली जात होती. पाचव्या शतकात थिओडोरेत या धर्माध्यक्षाने आपल्या प्रांतातून तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. इरेनेयसने त्याआधीच, सुमारे १८० मध्ये, चार वाऱ्यांचा दाखला देऊन चार या संख्येचे समर्थन केले होते. त्याचे समर्थन आज कोणाला पटणार नाही. त्याने समर्थिलेली गोष्ट मात्र विचारार्ह आहे. सलग कथेत टाहो आणि कार्यपूर्तीचा शब्द एकामागून एक येतात आणि पहिल्याची धार दुसऱ्याने बोथट होते. वेगळ्या कथांत टाहो हाच शेवटचा शब्द म्हणून टिकतो. मार्कच्या वाचकाला योहानाकडे जाता येते. पण मार्कचे पुस्तक मिटल्याशिवाय नव्हे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याच प्रश्नाचा एक महत्त्वाचा प्रसंग आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीतील नवख्रिस्ती समाजासाठी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दोन भागांतील सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाने चारही शुभवर्तमानांची कथा पुराणाच्या सलग रूपबंधात आणली. तातियानाची पद्धती येथे ओवीच्या लयीत पुन्हा अवतरली, असे म्हणता येईल. पुराण या प्रकारात निवेदक श्रोत्याच्या शंकांचे निरसन करीत कथा पुढे नेतो. भयाने मौन पाळणाऱ्या स्त्रियांपाशी कथा तोडणे त्याला परवडत नाही. रूपबंध हा आशयाचा निष्क्रिय वाहक नसतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भाषेनेही आपला वाटा उचलला. अवताराच्या कल्पनेत वाढलेल्या वाचकाला देवाचे मनुष्य होणे नवे नसते. त्याला अपरिचित असते ते त्या मनुष्यत्वाचे परत न घेता येणे. ‘अध्यात्मरामायणा’त रावण पळवितो ती छायारूप सीता असते, खरी सीता अग्नीत सुरक्षित असते, आणि रामाचा विलाप ही लीला ठरते. शिमोनाच्या अदलाबदलीशी या योजनेचे साम्य लक्षणीय आहे. दोन परंपरांचा परस्परसंबंध त्यामुळे सिद्ध होत नाही. पूज्य व्यक्तीची विटंबना असह्य झाली की भाविक कल्पनाशक्ती कोणत्या दिशेने जाते, हे मात्र दिसते. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘अवतार’ या शब्दाबरोबरच ‘देहधारण’ हा शब्द का लागला, याचे एक उत्तर येथे मिळू शकते. तथापि ‘धारण’ या शब्दातही वस्त्रासारखे अंगावर घेण्याची आणि उतरवून ठेवण्याची छटा उरतेच. संज्ञा बदलून प्रश्न पुरता सुटत नाही.

६

येथवरचे विवेचन शुभवर्तमानांच्या बाजूने झुकलेले वाटेल. त्यांनी मोजावयास लावलेल्या किमतीचा हिशेब केल्याशिवाय ते अपुरे राहील. ओळख ही एकदा नैतिक बाब ठरली की ओळख न पटणे हा अपराध ठरतो. मग प्रश्न उरतो तो अपराधी कोण हा. मार्कने ते बोट प्रामुख्याने शिष्यांकडे, म्हणजे आपल्याच समूहाकडे वळविले होते. मत्तयाच्या कथेत पिलात हात धुतो आणि जमलेले लोक त्या रक्ताचा भार स्वतःवर आणि आपल्या संततीवर घेतात. योहानाच्या कथेत ‘यहुदी’ हा शब्द सुमारे सत्तर वेळा येतो आणि पुष्कळदा विरोधकांचे सामूहिक नाव म्हणून येतो. ज्यांनी हे लिहिले ते स्वतः बहुधा यहुदी परंपरेतील होते आणि हे भांडण घरातले होते. वाचक बदलले तेव्हा ते घरातले राहिले नाही. पुढील शतकांत या ओळींच्या आधाराने यहुद्यांवर झालेले अत्याचार सर्वज्ञात आहेत. रोमन कॅथलिक चर्चने येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी समाजावर लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ मध्ये, अधिकृतपणे जाहीर केले.

लूकच्या वधस्तंभदृश्यात येशू आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो आणि ते अजाण आहेत, असे कारण देतो. हे वाक्य काही प्राचीन हस्तलिखितांत नाही. ते मागाहून घातले गेले की गाळले गेले, यावर एकमत नाही. यहुद्यांना क्षमा मिळावी हे नको असलेल्या नकलकारांनी ते गाळले असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. हा तर्क खरा ठरो वा न ठरो, त्या वाक्याचे स्थान ध्यानात घेण्याजोगे आहे. ओळख न पटणे हा अपराध आहे, या सूत्राला संहितेच्या आतूनच मिळालेला तो छेद आहे. अजाणता हे येथे दोषाचे कारण न राहता क्षमेचे कारण बनते.

आणि ज्या मत्तयाच्या शुभवर्तमानातून सर्वात घातक ओळ निघाली, त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे चित्र आहे. न्यायासनावरील राजा सांगतो की आपण भुकेले, तहानलेले, परके, उघडे, आजारी आणि बंदिवान होतो. काहींनी त्याची सेवा केली होती, काहींनी केली नव्हती. यातील विलक्षण गोष्ट अशी की, दोन्ही गट सारख्याच आश्चर्याने विचारतात, तुला आम्ही केव्हा पाहिले? ज्यांनी सेवा केली त्यांनाही तो कोण हे ठाऊक नव्हते. त्यांचे वर्तन ओळखीवर आधारलेले नव्हते, आणि म्हणूनच ते खरे ठरले. अशुद्ध आत्म्यांना नाव माहीत होते आणि त्याचा उपयोग नव्हता. या माणसांना नाव माहीत नव्हते आणि त्याची गरज पडली नाही. मार्कने मांडलेली समस्या येथे तिच्या टोकाला जाते. दिव्यत्व ओळखण्याची अखेरची जागा वधस्तंभापासून उचलून ती उपाशी आणि तुरुंगातील माणसाच्या देहात ठेवली जाते.

दुसऱ्या शतकातील हसणारा तारणारा या देहात येऊ शकत नाही, कारण त्याला भूक लागत नाही. येशूच्या वेदनेची सत्यता ही सिद्धांताच्या वादातील बाब भासते खरी, पण तिच्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी वेदनेकडे पाहण्याची शक्यता अवलंबून आहे. ज्या वाचनपरंपरेने देवाची वेदना खरी मानली आणि तिच्याच नावाने एका समाजाला वेदना दिली, तिने शुभवर्तमानातील शताधिपतीची जागा घेतली. फक्त त्याचा उद्गार तिच्या तोंडून निघाला नाही.